जेम्स नेस्मिथ आणि लॅडलचे चाक

बी. कॉम., द्वितीय वर्ष

वाफेचा घण कोणी शोधून काढला, असा प्रश्न सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हमखास असतो आणि त्याखाली जेम्स नेस्मिथ असे एका ओळीचे उत्तर असते. विद्यार्थी ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. त्यात त्यांचाही दोष नाही. वाफेचे घण आता बहुतेक संग्रहालयांतच पाहायला मिळतात. परंतु याच नेस्मिथची दुसरी एक कल्पना आपल्या बेळगावात रोज वापरली जाते. उद्यमबागेतील ज्या फौंड्रीत मोठे ओतकाम होते, तिथे वितळलेल्या लोखंडाने भरलेल्या लॅडलला एका बाजूस एक हातचाक असते. कामगार ते सावकाश फिरवतो आणि लॅडल तितक्याच सावकाश कलते. मराठी कामगार तिला लॅडल म्हणतो, कन्नड कामगारही लॅडलच म्हणतो, आणि ते चाक कोणाच्या डोक्यातून निघाले हे दोघांनाही कोणी सांगितलेले नसते.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रशास्त्रात का शिरावे, असे कोणी विचारील. पण नेस्मिथचे चरित्र केवळ यंत्रांचे नाही. कारखान्यात माणसाच्या जिवाची काळजी कोण घेतो, केव्हा घेतो आणि ती हिशेबाच्या कोणत्या बाजूला मांडली जाते, हा प्रश्न त्याच्या आयुष्यात पुन:पुन्हा येतो. त्या दृष्टीने त्याच्याकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

जेम्सचा जन्म १९ ऑगस्ट १८०८ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी झाला. वडील अलेक्झांडर नेस्मिथ हे त्या देशातील नामांकित चित्रकार. कवी रॉबर्ट बर्न्सचे जे चित्र जगभर परिचित आहे, ते त्यांनीच काढलेले. मात्र हे चित्रकार रंगकुंचल्यावर थांबणारे नव्हते. त्यांच्या घरात लेथ, कानशी, हातोड्या असा सरंजाम असलेले छोटे कार्यशाळेचे दालन होते, आणि मोकळा वेळ ते तिथे काढीत. जेम्सला रेखाटन आणि हत्यार या दोन्ही गोष्टींची गोडी एकाच घरात लागली. शाळेत त्याचे मन फारसे रमले नाही. त्याच्या एका शाळासोबत्याच्या वडिलांची लोखंडाची फौंड्री होती. सुटीच्या दिवशी जेम्स तिथे जाई, साचे कसे भरतात, भट्टी कशी पेटवतात, रस कसा ओततात हे तासन् तास पाही, आणि जमेल तिथे हात घाली. कारखान्यात पाऊल टाकण्यापूर्वीच फौंड्रीतला धाक आणि फौंड्रीतली शिस्त त्याच्या परिचयाची झाली होती.

१८२१ पासून पाच वर्षे तो एडिंबरोच्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये शिकला. कारागिरांसाठी नव्यानेच निघालेली ही संस्था. शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी तो वाफेच्या इंजिनाच्या लहान प्रतिकृती करून विकी. त्यांचे पितळी भाग तो रात्री आपल्या झोपायच्या खोलीतच ओती. खालच्या खोलीत वडील झोपलेले असत, म्हणून वाळू ठोकताना आवाज होऊ नये याची त्याला खबरदारी घ्यावी लागे. विसाव्या वर्षाच्या आत त्याने रस्त्यावरून माणसे वाहून नेणारी वाफेची गाडीसुद्धा तयार केली होती.

त्या काळी इंग्लंडमध्ये यंत्रकामाचे सर्वांत मोठे विद्यापीठ म्हणजे लंडनमधील हेन्री मॉडस्ली याचा कारखाना. मॉडस्ली हा लेथच्या सरकत्या टेकूचा, म्हणजे स्लाइड-रेस्टचा, प्रवर्तक. त्याचे महत्त्व आज चटकन ध्यानात येत नाही. पूर्वी लेथवर फिरणाऱ्या धातूला कारागीर हत्यार हातात धरून भिडवीत असे. हात थरथरला की काम बिघडे, आणि हत्यार अडकले की हातालाच हिसका बसे. स्लाइड-रेस्टने हत्यार घट्ट पकडले आणि कारागिराच्या हातात फक्त स्क्रूची मूठ राहिली. काम अधिक अचूक झाले आणि हात धोक्यापासून वीतभर दूर गेला. या दोन गोष्टी एकाच सुधारणेने साधल्या. नेस्मिथ हे तत्त्व आयुष्यभर विसरला नाही.

१८२९ साली तो वडिलांबरोबर लंडनला मॉडस्लीच्या भेटीस गेला. मॉडस्ली पैसे घेऊन उमेदवार ठेवण्याच्या विरुद्ध होता. तसल्या श्रीमंत मुलांचा त्याला वाईट अनुभव आलेला. पण जेम्सने स्वत: केलेली इंजिनाची प्रतिकृती आणि रेखाटने पाहिल्यावर त्याने त्याला आपल्या खाजगी कार्यशाळेत मदतनीस म्हणून घेतले. पगार आठवड्याला १० शिलिंग. तेवढ्यात लंडनमध्ये राहायचे म्हणून जेम्सने दिव्याच्या मंद आचेवर आपोआप शिजणारे एक भांडे तयार केले आणि सकाळी अन्न चढवून तो कामाला जाऊ लागला. वडिलांकडे पैसे मागायचे नाहीत, हा त्याचा निश्चय होता. पुढे लक्षावधींचे व्यवहार करणाऱ्या या माणसाचा पहिला अर्थसंकल्प असा होता.

१८३१ साली मॉडस्ली वारला. त्याच वर्षी नेस्मिथने नोकरी सोडली, एडिंबरोला परत जाऊन स्वत:पुरती यंत्रे तयार केली आणि १८३४ मध्ये मँचेस्टर गाठले. जवळ भांडवल होते अवघे ६३ पौंड. डेल स्ट्रीटवर एका जुन्या गिरणीच्या इमारतीतला मजला त्याने वर्षाला ५० पौंड भाड्याने घेतला. आपल्याकडे एखाद्या गल्लीत दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन टाकून सुरू होतो, तसाच हा छोटा मशीन शॉप. कामे भराभर मिळू लागली आणि जड होऊ लागली. पण इमारतीचा मजला होता तसाच राहिला. एके दिवशी वीस अश्वशक्तीच्या इंजिनाच्या अवजड तुळईचे टोक लाकडी जमीन फोडून खालच्या मजल्यावर गेले. खाली काचकाम करणारा भाडेकरू राहत होता. त्याच्या काचसामानात ते लोखंड कोसळले. भाडेकरू घाबरून घरमालकाकडे धावला आणि घरमालकाने नेस्मिथला दुसरी जागा बघण्याचा सल्ला दिला.

या घटनेकडे नेस्मिथच्या भरभराटीची खूण म्हणून पाहिले जाते, आणि ती तशी आहेही. तथापि तिची दुसरी बाजूही नजरेआड करू नये. धंदा वाढतो तेव्हा प्रथम यंत्र वाढते, मग माणसे वाढतात आणि जागा सर्वांत शेवटी वाढते. मधल्या काळात यंत्राचा भार सोसणारी जमीन, अंधारे कोपरे, दोन यंत्रांमधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, हे सगळे तसेच चालू राहते. लहान कारखान्यातील पुष्कळ अपघात या मधल्या काळातले असतात. नेस्मिथच्या मजल्याने त्याला वेळेवर इशारा दिला, एवढेच.

१८३६ मध्ये त्याने मँचेस्टरजवळ पॅट्रिक्रॉफ्ट येथे सुमारे सहा एकर जागा घेतली. एका अंगाला ब्रिजवॉटर कालवा, दुसऱ्या अंगाला लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे. कच्चा माल पाण्यातून यावा, तयार माल रुळावरून जावा, अशी ही जागा त्याने नेमकी हेरली होती. होल्ब्रुक गॅस्केल हा हिशेबात हुशार असा भागीदार मिळाला आणि ब्रिजवॉटर फौंड्री उभी राहिली. त्याच वर्षी नेस्मिथने शेपिंग मशीन तयार केले. आज ज्याला आपण नुसते शेपर म्हणतो आणि जो आपल्याकडच्या जुन्या वर्कशॉपमधून अजून पुढेमागे सरकताना दिसतो, त्याचा हा पूर्वज.

आता त्या लॅडलकडे वळू.

लोखंडाचा रस साच्यात ओतला जातो तेव्हा त्याचे उष्णतामान सुमारे १,३०० ते १,४०० अंश सेल्सिअस असते. त्याचे वजन पाण्याच्या जवळजवळ सात पट. घरातली दहा लिटरची घागर या रसाने भरली तर ती सत्तर किलोंच्या आसपास भरेल. यावरून मोठ्या लॅडलमधील भाराची कल्पना यावी. नेस्मिथच्या काळी मोठे लॅडल क्रेनला टांगून साच्यावर आणीत आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लांब दांडे लावून माणसांच्या ताकदीवर ते कलते करीत. कित्येक माणसे एकाच वेळी, एकाच गतीने, एकाच अंतरात हलली पाहिजेत. रस वाहू लागला की आतला तोल सतत बदलतो. भांडे कधी एकदम पुढे झुकते तर कधी मागे ओढते. एकाचा पाय घसरला, एकाने भीतीने हात सोडला, एकाच्या अंगावर ठिणगी उडाली, की बाकीच्यांचा तोल गेलाच. ओलसर जमिनीवर रस सांडला तर त्या पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि वितळलेले लोखंड चारी दिशांना उडते. मुख्य फोरमनपासून पोऱ्यापर्यंत सगळ्यांच्या मनात त्या दोन मिनिटांची धास्ती असे. आणि धास्ती वाटली की हात अधिकच चुकतो.

यावर सर्व फौंड्र्यांत एकच उपाय चालत असे. ताकदीची, निडर माणसे निवडायची आणि त्यांना सांभाळून काम करा असे बजावायचे. अपघात झाला की ज्याचा पाय घसरला त्याचा दोष.

१८३८ साली नेस्मिथने हा प्रश्न उलट बाजूने सोडविला. त्याने माणसांना अधिक सावध राहायला सांगितले नाही, भांडेच बदलले. लॅडल ज्या दोन खुंट्यांवर तोललेले असते, त्यांपैकी एका खुंटीवर त्याने दात्यांचे मोठे चाक बसविले आणि त्या दात्यांत आटे असलेला स्क्रू गुंतविला. आपले यंत्रकामवाले याला वर्म आणि वर्म-व्हील म्हणतात. स्क्रूच्या दांड्याच्या टोकाला हातचाक. आता एकच माणूस, रसापासून सुरक्षित अंतरावर उभा राहून, ते हातचाक फिरवील तेवढेच लॅडल कलेल. पुष्कळ फेऱ्या फिरवाव्यात तेव्हा भांडे थोडे हलते, म्हणून हिसका बसत नाही आणि धार एकसारखी पडते. याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. या जोडणीत स्क्रू चाकाला फिरवू शकतो, परंतु चाक स्क्रूला फिरवू शकत नाही. त्यामुळे माणसाने हात काढला, तो घाबरून मागे सरला, त्याला घेरी आली, तरी भरलेले लॅडल होते त्याच जागी स्थिर राहते. माणूस चुकणार हे गृहीत धरूनच ते बनविलेले आहे. माझ्या मते नेस्मिथच्या बुद्धीचा खरा मोठेपणा या ठिकाणी दिसतो.

आणि या शोधाचे त्याने पेटंट घेतले नाही. आराखडे आणि वर्णन तयार करून त्याने ते देशातल्या व परदेशातल्या फौंड्रीवाल्यांकडे पाठवून दिले, की ज्याला हवे त्याने वापरावे. एडिंबरोच्या स्कॉटिश सोसायटी ऑफ आर्ट्सने त्याबद्दल त्याला रौप्यपदक दिले. हिशेबाच्या वहीत या शोधाच्या नावाने जमेस काही लागले नाही. ते लागले असेल तर न झालेल्या अपघातांच्या रूपाने, आणि असा आकडा कोणत्याही ताळेबंदात मांडता येत नाही.

त्याच्या दुसऱ्या शोधाचा हिशेब मात्र नीट मांडता येतो. ग्रेट ब्रिटन या प्रचंड आगबोटीच्या चाकांसाठी ३० इंच व्यासाचा आस हवा होता, आणि तो ठोकून देण्यास एकही कारखाना तयार नव्हता. जुन्या घणाची अडचण अशी की काम जितके जाड, तितकी घणाला पडायला जागा कमी, म्हणजे जिथे मोठा घाव हवा तिथेच तो लहान पडायचा. २४ नोव्हेंबर १८३९ रोजी नेस्मिथने आपल्या वहीत वाफेच्या घणाचे चित्र काढले. वाफेने उभा उचलला जाणारा आणि सरळ खाली येणारा घण. पुढे त्या बोटीला चाकांऐवजी पंखा बसवायचे ठरले, आसाची गरज उरली नाही आणि चित्र वहीतच राहिले. पेटंटचा खर्च त्या काळी फार मोठा; मंदीच्या दिवसांत भागीदारांनाही तो नको होता. नेस्मिथ बाहेरगावी असताना फ्रान्समधील ल क्रूझो येथील कारखानदार श्नायडर आणि त्याचा इंजिनियर पॅट्रिक्रॉफ्टला आले आणि गॅस्केलने त्यांना ती वही मोकळ्या मनाने दाखविली. १८४२ मध्ये नेस्मिथ ल क्रूझोला गेला तेव्हा त्याचा घण तिथे प्रत्यक्ष चालू होता. मग मात्र त्याने घाईने परत येऊन त्याच वर्षी पेटंट घेतले. पुढे रॉबर्ट विल्सन या त्याच्या कारखान्यातील व्यवस्थापकाने घणाच्या झडपांची यंत्रणा सुधारली. कित्येक टनांचा घाव घालणारा हा घण काचेच्या पेल्यातील अंड्याचे नुसते कवच फोडून थांबू शकतो, हे पाहुण्यांना दाखविण्यात कारखान्याला मोठा अभिमान वाटे. जगभरातून मागण्या आल्या आणि नेस्मिथ श्रीमंत झाला.

इथपर्यंतची कथा वाचून नेस्मिथ हा कामगारांचा कैवारी होता असा समज होईल. तो खरा नाही. चरित्र लिहायचे तर दोन्ही बाजू लिहिल्या पाहिजेत.

पॅट्रिक्रॉफ्टला आल्यावर पहिल्याच वर्षी कामगार संघटनेने मागणी केली, की ज्यांनी सात वर्षे उमेदवारी केली आहे त्यांनाच यंत्रावर घ्यावे. नेस्मिथने ती साफ धुडकावली. जो काम करू शकतो तो करील, मग त्याने उमेदवारी केलेली असो वा नसो, असे त्याचे धोरण. संप झाला. त्याने स्कॉटलंडमधून नवे कारागीर आणून तो मोडला. १८५२ मध्ये इंग्लंडभर यंत्रकामाच्या कारखान्यांत टाळेबंदी झाली, तेव्हाही तो संघटनेच्या ठाम विरोधात होता. त्या सुमाराच्या तंट्यानंतर त्याने स्वयंचलित यंत्रे वाढविली, त्यांवर मुले आणि साधे मजूर बसविले आणि कामगारांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आणली. पुढे कामगार संघटनांची चौकशी करणाऱ्या शाही आयोगापुढे त्याने हे न संकोचता सांगितले. कमी माणसांत अधिक नफा, हा त्याच्या मते यंत्राचा गुणच होता.

म्हणजे ज्या बुद्धीने लॅडल सुरक्षित केले, त्याच बुद्धीने माणसे कमी केली. सुरक्षित लॅडललाही पुष्कळ माणसांऐवजी एक माणूस पुरतो, हे विसरून चालणार नाही. माझ्या मते यातच एक मोठा धडा आहे. लॅडलचे चाक पाहता पाहता जगभर पसरले, कारण ते जीव वाचवीत होतेच, शिवाय मजुरी वाचवीत होते आणि ओतकामही सुधारीत होते. मालकाचा फायदा आणि कामगाराचा जीव दोन्ही एकाच तागडीत होते. पण प्रत्येक धोक्याच्या बाबतीत असे भाग्य नसते. भिंतीलगत फिरणारा शाफ्ट, त्यावरून यंत्राकडे उतरणारा चामड्याचा पट्टा, शाफ्टमधून बाहेर डोकावणारी पाचर – यांना जाळी घातल्याने एक नटही अधिक तयार होत नाही. जाळीला खर्च येतो आणि ती काढून-लावण्यात वेळ जातो. मग ती आपण होऊन कोण घालणार?

नेस्मिथच्या डोळ्यांदेखत याचे उत्तर मिळत होते. १८४४ च्या कायद्याने इंग्लंडमधील कापडगिरण्यांत धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालणे सक्तीचे झाले. त्यावर १८५५ मध्ये याच मँचेस्टरमध्ये गिरणीमालकांनी संघटना काढली ती कुंपण घालण्यासाठी नव्हे, कुंपणाच्या सक्तीला विरोध करण्यासाठी. कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकाने तिची कडक हजेरी घेतली, तरी १८५६ मध्ये कायदा सैल झालाच. आणि हा कायदाही फक्त कापडगिरण्यांचा. लोखंडाच्या फौंड्र्या व यंत्रकामाचे कारखाने त्याच्या कक्षेत आले ते १८६७ मध्ये. नेस्मिथने १८५६ अखेर धंदा सोडला होता. याचा अर्थ, त्याच्या वीस वर्षांच्या कारकिर्दीत पॅट्रिक्रॉफ्टमध्ये शिरून शेपरच्या सरकत्या डोक्यामागे कठडा का नाही, असे विचारण्याचा अधिकार एकाही सरकारी निरीक्षकाला नव्हता. त्याने लॅडल सुरक्षित केले ते त्याच्या मनात आले म्हणून. मनात आले नसते तर विचारणारे कोणी नव्हते.

धंद्यातून निवृत्त झाला तेव्हा नेस्मिथ अवघा ४८ वर्षांचा होता. पुरेसा पैसा झाला म्हणून थांबणारे उद्योगपती थोडे. हा त्यांपैकी एक. केंट परगण्यात पेन्सहर्स्ट येथे घर घेऊन त्याने त्याला घणाचे नाव दिले आणि उरलेले आयुष्य आकाशाकडे पाहण्यात घालविले. चंद्राच्या पृष्ठभागाच्या मातीच्या व प्लास्टरच्या प्रतिकृती करून, त्यांवर तिरपा उजेड पाडून त्याने छायाचित्रे घेतली आणि १८७४ मध्ये जेम्स कार्पेंटर या खगोलज्ञाबरोबर चंद्रावर एक सुंदर ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्याची मोठी दुर्बीण विशेष सांगण्यासारखी आहे. कारखाना चालू असतानाच, १८४० च्या दशकात, त्याने २० इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण स्वत: ओतून, घासून तयार केली. तशा दुर्बिणीतून पाहायचे तर निरीक्षकाला रात्रीच्या अंधारात शिडीवर चढून नळीच्या तोंडाशी लोंबकळावे लागे, आणि पडून हात-पाय मोडण्याचे प्रकार होत. नेस्मिथने नळी ज्या दोन खुंट्यांवर तोलली होती, त्यांतली एक पोकळ ठेवली आणि आणखी एक आरसा बसवून प्रकाश त्या पोकळीतून बाहेर काढला. दुर्बीण कुठेही वळो, पाहणारा आपला जमिनीजवळच्या खुर्चीत निवांत बसलेला. हाताशी एक चाक, ते फिरवावे आणि नळी वरखाली करावी. लॅडलच्या खुंट्या आणि दुर्बिणीच्या खुंट्या यांत विचार एकच आहे. धोक्याच्या जागी माणूस कशाला हवा, हा प्रश्न तो आधी विचारी. जगातील अनेक प्रचंड दुर्बिणींत आजही ही रचना वापरतात आणि तिला नेस्मिथचेच नाव आहे.

१८८३ मध्ये त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ७ मे १८९० रोजी लंडन येथे त्याचे निधन झाले आणि जन्मगावी, एडिंबरोला, त्याला मूठमाती देण्यात आली.

तो वारला त्यापूर्वी नऊ वर्षे, १८८१ मध्ये, हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी अॅक्ट झाला होता. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा माणसे असली की तो लागू होई. त्यातील कलमे वाचताना लेथ आणि शाफ्ट डोळ्यांसमोर उभे राहतात. लेथच्या डोक्यामागून बाहेर येणाऱ्या सळईलासुद्धा आवरण घाला, असे कलम २१ स्पष्ट सांगत होते. चालू यंत्राजवळ जाणाऱ्याचे कपडे घट्ट असावेत, डोळ्यांत कण उडण्यासारख्या कामावर चष्मे द्यावेत, असेही नियम होते. कलम २६ तर नेस्मिथला नक्की आवडले असते. फिरत्या शाफ्टवरील स्क्रू आणि पाचरी बाहेर डोकावता कामा नयेत, ही जबाबदारी त्याने यंत्र तयार करून विकणाऱ्यावरही टाकली होती. धोका कामगाराच्या सावधपणावर न सोपविता यंत्राच्या आराखड्यातच संपवावा, हा लॅडलमधला विचार तिथे कायद्याच्या भाषेत आला. आता त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक २०२० च्या संहितेने घेतली असून ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. तिच्यात विजेवर चालणारी जागा कारखाना ठरण्यास वीस माणसे लागतात. लहान उद्योगांवरील कागदी ओझे कमी व्हावे हा त्यामागील हेतू, आणि छोट्या मालकाची ती अडचण खोटी नाही हे आम्ही वाणिज्यवाले जाणतो. पण आठ माणसांच्या वर्कशॉपमधले ग्राइंडिंग व्हील मोठ्या कारखान्यातल्या व्हीलपेक्षा हळू फिरत नाही. कण उडतो तेव्हा तो हजेरीपट मोजत नाही.

उद्यमबागेत असंख्य लहान कारखाने आहेत. आपल्या महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या अनेकांच्या हाती उद्या अशा कारखान्यांचे हिशेब येणार आहेत. काहींच्या हाती तर कारखानेच येतील. तिथे तीन प्रकारची कामे समोर येतील. पहिली, ज्यांत जीवही वाचतो आणि पैसाही वाचतो. ती नेस्मिथच्या लॅडलसारखी आपोआप होतील. दुसरी, जी कायदा करायला लावतो. आणि तिसरी, ज्यांत पैसा वाचत नाही आणि जिथे कायद्याचा माणूसही येत नाही: पट्ट्यावरची जाळी, ग्राइंडरजवळ टांगलेला चष्मा, शेपरमागचा कठडा. खर्चाची ती लहानशी ओळ वहीत लिहायची की खोडायची, हे लेखणी धरणाराच ठरवील. त्या वेळी नेस्मिथच्या घणापेक्षा त्याचे लॅडल आठवावे.